कशाशी विसंगत?

गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कित्येक वर्षे कागदावर दोन प्रकारचा होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात ताड-माडांबरोबर बांबूही धरला होता. झाड म्हटले की तोडीला परवानगी आली, वाहतुकीला पास आला आणि हुकूम वन विभागाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने तोच बांबू मध, लाख, तेंदूपाने यांच्या पंगतीला बसवला आणि त्याला गौण वनोपज म्हटले. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क या कायद्याने आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिला. वनस्पतिशास्त्राला विचारावे तर बांबू गवताच्या कुळातला. भात, ज्वारी, ऊस हे त्याचे भाऊबंद.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा हे दोन कायदे बांबूच्या एकाच बेटापाशी समोरासमोर आले. बांबूवर हक्क ग्रामसभेचा, पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास वन विभागाचा. आणि जो कायद्याने झाड आहे त्याचा पास ग्रामसभेच्या मागणीवर द्यायला विभाग तयार नव्हता. तिढा सुटला तो २७ एप्रिल २०११ रोजी. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक पासाचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश निघाला, २०१८ च्या सुरुवातीला त्याचा कायदा झाला आणि ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षांनी कायद्याला वनस्पतिशास्त्राचे म्हणणे पटले.

या दोन कायद्यांचे नाते सांगायला मराठीत एक नेमका शब्द आहे : विसंगत. तो आपण रोज वापरतो, आणि बहुतेक वेळा सैल हाताने वापरतो. विचित्र दिसले की विसंगत, न आवडले की विसंगत, सवयीबाहेरचे असले की विसंगत. बांबूचे प्रकरण या शब्दाचा खरा अर्थ दाखवते. १९२७ चा कायदा एकटा वाचला तर त्यात खटकण्यासारखे काही नाही. ज्याला जंगल ताब्यात ठेवायचे आहे तो बांबूला झाडांतच धरणार. २००६ चा कायदाही एकटा वाचला तर सरळ आहे. दोघे एका बेटाशी येऊन उभे राहिले, तेव्हा विसंगती जन्मली. ती या कायद्यात नव्हती, त्या कायद्यातही नव्हती. ती दोघांच्या मध्ये होती.

शब्दाची घडण हेच सांगते. ‘गम्’ म्हणजे जाणे. ‘सम्’ लागून ‘संगत’ झाले, म्हणजे बरोबर चाललेले. मराठीने हा ‘संगत’ नाम म्हणून उचलला आणि घरचा केला. वाईट संगत लागते, चांगली संगत धरावी लागते, गवयाला तबल्याची संगत असते, साडी-चोळीची रंगसंगती साधते. या संगतीला ‘वि’ लागला की बरोबर चालण्याची अपेक्षा असूनही पावले न जुळणे असा अर्थ होतो. ही अपेक्षा महत्त्वाची आहे. ज्यांचा एकमेकांशी संबंधच नाही, त्या गोष्टी ‘असंगत’ किंवा ‘असंबद्ध’ म्हणाव्यात. तापात बडबडणाऱ्या माणसाची वाक्ये असंबद्ध असतात. साक्षीदाराने सकाळी एक आणि दुपारी दुसरे सांगितले तर ती विसंगत, कारण दोन्ही वेळा तो एकाच घटनेबद्दल बोलत होता.

म्हणूनच हा शब्द व्याकरणात एकटा उभा राहायला कुरकुरतो. त्याला ‘शी’ लागतो. नियमाशी विसंगत, पुराव्याशी विसंगत, स्वभावाशी विसंगत. भारतीय राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद १३ हा मूलभूत हक्कांशी विसंगत असलेल्या कायद्यांबद्दल आहे. तिथे ‘शी’ तर आहेच, शिवाय आणखी एक बारकावा आहे. असा कायदा जितका विसंगत असेल तेवढ्यापुरताच शून्य ठरतो, सगळाच्या सगळा फेकला जात नाही. म्हणजे विसंगतीला मोजमाप असते, आणि ते मोजायचे तर आधी कशाशी मोजतो आहोत हे सांगावे लागते. ‘हे विसंगत आहे’ एवढेच म्हणून जो थांबतो, त्याचे वाक्य अर्धे राहिलेले असते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या बाजारात हा शब्द फारसा कानावर येत नाही. तिथे ‘मेळ बसत नाही’ म्हणतात, ‘जमत नाही’ म्हणतात, ‘खटकते’ म्हणतात. विसंगत हा शब्द राहतो तहसील कार्यालयाच्या पत्रांत, शाळेच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत. पण बोलीतले हे साधे शब्दही कमी काटेकोर नाहीत. ‘मेळ’ हा दोन बाजूंचा असतो, एकट्याचा मेळ बसत नाही. ‘खटकणे’ मात्र पाहणाऱ्याच्या मनात घडते. म्हणून तिथे ‘मला’ लागतो. विसंगत म्हणायचे की खटकते म्हणायचे, हा फरक लेखणी उचलण्याआधी स्वतःशी करून घ्यावा. अर्ध्याअधिक वादांत माणसे ‘मला खटकते’ हेच ‘हे विसंगत आहे’ अशा भारदस्त कपड्यात सांगत असतात.

या कुटुंबातले इतर शब्द आपापली कामे वाटून घेऊन बसले आहेत. ‘विजोड’ हा जोडीचा शब्द आहे. नवरा-बायको, चपला, बैल. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शंकरपट (बैलांची शर्यत) बघायला उभे राहिलेल्या शेतकऱ्याला विजोड बैल लांबूनच कळतात. एक उंच, एक बुटका. जू तिरके होते, ओढ एका बाजूला जाते आणि जोडी सरळ रेषेत धावत नाही. तिथे दोन्ही बैल उत्तम असू शकतात. ‘परस्परविरोधी’ याहून कडक आहे. दोन विधाने परस्परविरोधी असतील तर दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. विसंगत गोष्टींना मात्र शेजारी शेजारी नांदता येते, कधी कधी नव्वद वर्षेही. ‘विरोधाभास’ म्हणजे वरवर विरोध दिसतो पण आत अर्थ लागतो. ‘तफावत’ हा फारसीतून आलेला शब्द अंतराचा आणि आकड्यांचा आहे.

कोणता शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर जातो ते पाहिले की त्यांचे स्वभाव चटकन कळतात. तफावत भरून काढतात. विरोध मिटवतात. विसंगती दूर करतात. तफावत ही खड्ड्यासारखी कमी-जास्त असते म्हणून ती भरता येते. विसंगती भरता येत नाही. दोनपैकी एक बाजू हलवावी लागते, किंवा दोघांना कवेत घेणारा तिसरा नियम करावा लागतो. लेखापरीक्षणाच्या अहवालांत ‘आकडेवारीत विसंगती आढळली’ असे वाक्य हमखास येते. मला ते वाक्य अपुरे वाटते. बेरीज चुकली, नोंद राहिली की पैसे गेले, या तीन वेगळ्या गोष्टी एका सभ्य शब्दाखाली झाकल्या जातात. दोन आकडे जुळत नसतील तर कोणते दोन, हे त्याच ओळीत यायला हवे.

विसंगती वस्तूत नसून शेजारात असते, याचा एक सुरेख पुरावा पॅरिसच्या रंगशाळेतून मिळाला. मिशेल-यूजीन शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाची १८२४ मध्ये गोब्लँ या राजेशाही विणकामशाळेच्या रंगविभागावर नेमणूक झाली. तिथे तक्रार होती की काही कापडांतला काळा रंग फिका पडतो. शेव्ह्रलने काळी लोकर तपासली, इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. मग त्याचे लक्ष शेजारच्या धाग्यांकडे गेले. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की तोच काळा डोळ्यांना मंद दिसत होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो आणि प्रत्येक रंगावर दुसऱ्याची उलट छटा चढवतो, असा नियम त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. काळ्याला दोष देणारे गिऱ्हाईक खोटे बोलत नव्हते. त्यांना तसेच दिसत होते. पण दोष काळ्याचा नव्हता. आपल्याकडे बायका पदर खांद्यावर टाकून, काठाशी चोळीचे कापड धरून बघतात आणि मगच घेतात. नुसते कापड पाहून रंग ठरवायचा नसतो, हे त्यांना ठाऊक असते.

कानाचे प्रकरण आणखी खोल आहे, आणि त्याचा विचार आपल्याकडे फार जुना. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांची नाती चार : वादी, संवादी, अनुवादी, विवादी. सप्तकाच्या बावीस श्रुती धरल्या, तर ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर आहे ते एकमेकांचे संवादी. षड्ज आणि मध्यम नऊ श्रुतींवर, षड्ज आणि पंचम तेरांवर. दोन श्रुतींच्या अंतरावरचे विवादी. ऋषभ-गांधार तसे, धैवत-निषादही तसे. इथे कोणताही स्वर जन्मतः विवादी नाही. गांधार ऋषभाशी विवादी आहे. पुन्हा तोच ‘शी’.

जवळ आलेले दोन सूर का भांडतात, हे तानपुरा जुळवताना उघड ऐकू येते. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या, पण पुऱ्या नाही, की आवाज सरळ न राहता ‘वंव् वंव् वंव्’ असा वर-खाली होऊ लागतो. एक तार सेकंदाला २५६ वेळा कंप पावते आणि दुसरी २६० वेळा, तर हे हेलकावे सेकंदाला बरोबर चार येतात. मणी किंचित सरकवला की हेलकावे मंदावतात, लांबतात, आणि एका क्षणी दोन तारांची एकच तार होते. उलट सूर लांब नेत गेले तर हेलकावे वाढत जातात, वेगवेगळे मोजता येईनासे होतात आणि कानाला खरखर जाणवते. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात स्वरांच्या कर्कशपणाचे कारण हेच दिले. सेकंदाला तीस-पस्तीसच्या आसपास हेलकावे आले की खरखर सर्वांत जास्त, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणजे विसंवाद हा काही नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. हवेतल्या कंपनांत त्याला मोजता येण्याजोगा आधार आहे.

तरीही गवई विवादी स्वर टाकून देत नाहीत. केदारात कोमल निषाद विवादी, पण जाणकार गायक तो अशा हलक्या हाताने लावतो की केदार उजळून निघतो. कुठे, किती आणि कशानंतर, एवढेच सांभाळायचे असते. संस्कृत काव्यशास्त्रानेही न जुळणाऱ्या गोष्टींना दोषांच्या यादीत न ढकलता अलंकारांत जागा दिली. मम्मटाच्या काव्यप्रकाशात ‘सम’ आणि ‘विषम’ हे दोन्ही अलंकार आहेत : शोभणाऱ्यांची जोडी तो सम, न शोभणाऱ्यांची जोडी तो विषम. कोवळी बोटे आणि कुदळ एका ओळीत आली की विषम. ‘असंगति’ हाही अलंकार आहे. कारण एका ठिकाणी, कार्य भलत्याच ठिकाणी. एकाने मोहाची प्यावी आणि झिंग दुसऱ्याला चढावी. वैनगंगेकाठच्या गावांना ही असंगति काव्यात शोधावी लागत नाही. पावसाळ्यात चामोर्शीत लख्ख ऊन पडलेले असते आणि नदी चढत असते. पाऊस वर भंडाऱ्याकडे झालेला असतो, गोसेखुर्द धरणाची दारे उघडलेली असतात. कारण कळले की असंगति मिटते. पूर तेवढा राहतो.

याच वैनगंगेचे आणखी एक वळण या विषयात बसते. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, पण चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडा येथे ती काही अंतर उत्तरेकडे वळते. उताराच्या एकूण दिशेशी हे वागणे विसंगतच. लोकांनी तिला तिथे ‘उत्तरवाहिनी’ म्हटले, काठावर दगडी मंदिरांचा समूह उभा राहिला आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. जे सर्वसाधारण चालीशी जुळत नाही त्याला आपल्या परंपरेने कधी दोष मानले तर कधी तीर्थ.

झाडीपट्टीचे नाटक बाहेरच्या माणसाला दाखवा, तो पहिल्या तासात ‘विसंगत’ हा शब्द उच्चारेल. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाट्यमंडळांचे केंद्र. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गोष्ट असते हुंड्याने उद्ध्वस्त झालेल्या घराची, दारूने बुडालेल्या बापाची. प्रेक्षक डोळे पुसत असतात, आणि तेवढ्यात दिवे बदलतात, ढोलकी कडाडते आणि लावणी सुरू होते. ती संपली की विनोदी पात्र येते. मग पुन्हा रडू. पुण्या-मुंबईच्या अडीच तासांच्या नाटकाशी हे विसंगत आहे, यात शंका नाही. पण हे नाटक ज्याच्याशी जुळायला बांधले आहे ती गोष्ट वेगळी : थंडीतली अख्खी रात्र, जमिनीवर बसलेले गाव, मांडीवर पेंगणारी पोरे, शेजारच्या गावाहून बंडीने आणि दुचाकीने आलेले सोयरे. सलग सात तास नुसते दुःख कोणाला झेपेल? त्या रात्रीशी लावणी सुसंगत आहे. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक मराठी वाचकांना तिची पहिल्यांदा ओळख झाली. ती इतक्या उशिरा व्हावी याचे मला वाईट वाटते.

आता भाषेकडे. चामोर्शीच्या शाळेत मूल ‘पानी’ लिहिते, ‘डोरा’ लिहिते. शिक्षक लाल शाईने ‘पाणी’, ‘डोळा’ करतात. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दाखवून दिले आहे की या बोलीत ण आणि ळ ही व्यंजनेच नाहीत. तेव्हा ‘पानी’ ही एका मुलाची चूक नव्हे. ‘पानी’ म्हणणारे मूल ‘लोनी’ही म्हणते, ‘कोन’ही म्हणते, ण जिथे जिथे यायचा तिथे तिथे न येतो. यापेक्षा सुसंगत वागणे आणखी कोणते? विसंगती आहे ती प्रमाण लेखनाशी, आणि ती असणारच, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत. मुलाने एका ओळीत ‘पानी’ आणि दुसऱ्या ओळीत ‘पाणी’ लिहिले, तर मात्र त्याचे लेखन आतल्या आत विसंगत झाले. हा फरक शिक्षकाने फळ्यावर एकदा लिहून दाखवला तर मुलाला घरची बोली टाकावी लागत नाही आणि परीक्षेचे लेखनही येते. ‘अशुद्ध’ या शेऱ्याने या दोहोंतले काहीच साधत नाही.

ण-ळ-न-र-लच्या या अदलाबदलीची सगळ्यात महाग किंमत मोजावी लागते ती कागदपत्रांत. चामोर्शी तालुक्यात मराठी आणि गोंडी बोलणारे आहेत, दक्षिणेकडून आलेली तेलुगू आहे, आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावेही आहेत. बंगाली आडनाव घ्या : मंडल. बंगाली उच्चाराने लिहिणारा ‘मोंडल’ लिहील. शुद्ध मराठीच्या सवयीचा हात ‘मंडळ’ करील, आणि त्याला आपण चूक सुधारली असेच वाटेल. शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. तिन्ही लिहिणाऱ्यांनी आपापल्या कानाशी इमान राखलेले असते. मग एके दिवशी अनुदानाचा अर्ज ‘नावात तफावत’ एवढ्याच शेऱ्यानिशी परत येतो, आणि माणूस गोंधळतो, कारण त्याच्या मते त्याचे नाव जन्मापासून एकच आहे.

खरे तर ही तफावत नव्हे, विसंगतीच. भरून काढण्यासारखे इथे काही नाही, एक बाजू हलवावी लागते. आणि ती हलवायची तर ‘माझ्या नावातली चूक दुरुस्त करावी’ असा अर्ज उपयोगाचा नसतो. कोणत्या कागदावरचे नाव कोणत्या कागदावरच्या नावाशी विसंगत आहे ते सांगून दोन्ही रूपे जशीच्या तशी, अक्षर न बदलता लिहावीत. कोणते रूप कायम ठेवायचे ते लिहावे. आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे शपथपत्र जोडावे. जुना शाळेचा दाखला असेल तर तो पहिल्यांदा बाहेर काढावा, कारण बहुतेक घरांत नावाची सर्वांत आधीची लेखी नोंद तीच असते.